पान्हा: गाय कुणाच्या हाताला दूध देते आणि का

माझी मावशी आजारी पडली तेव्हा आई आठ दिवस पुण्याला गेली होती. घरात स्वयंपाकाची अडचण होईल म्हणून आजी काळजीत होती, अडचण झाली ती गोठ्यात. आमची चांदी, कपाळावर पांढरा टिळा असलेली संकरित गाय, सकाळी सहा लिटर दूध द्यायची. पहिल्या दिवशी अण्णा धारेला बसले आणि जेमतेम दोन लिटरवर उठले. पेंड तीच, चारा तोच, वेळ तीच, बादलीही तीच. दुसऱ्या दिवशी तसंच. अण्णांनी कासेला पाणी मारलं, वासरू दोनदा सोडलं, थोडे चिडलेही. चांदी नुसती मान वळवून दाराकडे बघत उभी.

तिसऱ्या दिवशी पहाटे आजीने दोरीवरचं आईचं रोजचं लुगडं काढलं, न धुतलेलं, शेणामुताचा आणि चुलीच्या धुराचा वास असलेलं. "हे घे अंगावर," ती अण्णांना म्हणाली, "आन् बोलू नगंस." अण्णांनी ते डोक्यावरून पांघरलं आणि गपचूप बसले. साडेचार लिटर निघालं. पूर्ण सहा नाही, पण दोनही नाही.

आमच्या सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यात असा प्रसंग अनेक घरांत घडलेला सापडेल. घरातली बाई गावाला गेली की धनी तिचं लुगडं पांघरून धारेला बसतो, आणि ही गोष्ट पुढे वर्षानुवर्षं हसत सांगितली जाते. मला मात्र लहानपणापासून एकच प्रश्न पडायचा: दूध तर कासेत तयारच आहे, मग ते गेलं कुठे? याचं उत्तर शोधताना लक्षात आलं की गाय आणि तिला सांभाळणारं माणूस यांच्यातली माया ही नुसती भावनेची गोष्ट नाही. ती गाईच्या रक्तातून वाहते आणि लिटरमध्ये मोजता येते.

कासेत दूध कुठे असतं

कास बाहेरून बघितली की ती दुधाने भरलेली पखाल वाटते आणि सड म्हणजे तिची तोटी. बहुतेक लोकांच्या मनात असंच चित्र असतं. प्रत्यक्षात कास आतून स्पंजासारखी असते. तिच्यात दूध तयार करणारे अगदी बारीक फुगे असतात, द्राक्षाच्या घडासारखे एकमेकांना लगडलेले, आणि त्यांची संख्या कोटींमध्ये. या फुग्यांतून केसासारख्या नळ्या निघतात, त्या एकत्र येत मोठ्या होतात आणि शेवटी सडाच्या वर असलेल्या एका पोकळीत उघडतात. या पोकळीला आपण दुधाची टाकी म्हणू.

संकरित गाईच्या कासेतल्या दुधापैकी साधारण पाचवा हिस्सा या टाकीत साठलेला असतो. सड ओढला की तो लगेच मिळतो. उरलेले चार हिस्से वरच्या फुग्यांत अडकलेले असतात, आणि ओल्या स्पंजातलं पाणी जसं नुसतं खाली धरून गळत नाही, तसे ते ओढून, दाबून, पाणी मारून येत नाहीत. ते पिळून काढावे लागतात आणि पिळणारा हात आत आहे. प्रत्येक फुग्याभोवती स्नायूंच्या पेशींची बारीक जाळी असते. ती आवळली की फुगा पिळला जातो आणि दूध नळ्यांतून खाली उतरतं. कास एकदम टणक होते, सड ताठ होतात, कधीकधी हात लावायच्या आधीच दूध ठिबकायला लागतं. यालाच आपण पान्हा म्हणतो. म्हशीच्या बाबतीत टाकीतला वाटा आणखी कमी, जेमतेम विसावा हिस्सा. म्हैस एकाच माणसाला धार देते आणि दुसऱ्याला हात लावू देत नाही असं जुनी माणसं सांगतात, त्याचं मूळ इथे आहे. पान्हा आला नाही तर म्हशीकडून जवळजवळ काहीच मिळत नाही.

आता या जाळीला आवळायचा हुकूम कोण देतं? इथेच सगळी गंमत आहे. हात उचलायचा असेल तर मेंदूकडून मज्जातंतूमार्फत स्नायूला निरोप जातो. फुग्यांभोवतीच्या जाळीपर्यंत असा मज्जातंतू पोचतच नाही. तिथे निरोप रक्तातून जातो. वासरू सडाला लागलं, किंवा ओळखीचा हात कासेवरून फिरला, की मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूष ग्रंथीतून ऑक्सिटोसिन नावाचं संप्रेरक रक्तात सोडलं जातं. ते हृदयातून फिरून कासेत पोचतं आणि जाळी आवळते. या सगळ्याला साधारण मिनिटभर, कधी थोडं जास्त लागतं. त्याचा जोर टिकतो तोही पाच ते सात मिनिटं. म्हणून चांगला धार काढणारा आधी कास कोमट पाण्याने धुतो, पुसतो, थोडं चोळतो, आणि एकदा पान्हा आला की मध्ये उठत नाही. फोन वाजू दे, नाहीतर दारात पाहुणा उभा राहू दे.

हे अमेरिकेतल्या एली आणि पीटरसन या दोघांनी १९४१ मध्ये दाखवून दिलं. त्यांनी गाईच्या अर्ध्या कासेचे मज्जातंतू तोडले, तरी पान्हा दोन्ही बाजूंना सारखाच आला. म्हणजे निरोप रक्तातून येतो हे नक्की झालं. मग त्यांनी धारेच्या वेळी गाईच्या पाठीवर मांजर ठेवलं आणि शेजारी कागदी पिशव्या फुगवून फोडल्या. गाय दचकली आणि पान्हा आलाच नाही. नुसतं ॲड्रेनलिन टोचलं तरी तोच परिणाम झाला. घाबरल्यावर अंगात उसळणारं ते हेच संप्रेरक. ते कासेकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या आकसून टाकतं आणि ऑक्सिटोसिनचं काम अडवतं.

पुढच्या संशोधकांनी याच्यापुढचीही एक गोष्ट दाखवली, आणि मला ती जास्त महत्त्वाची वाटते. गाय दचकलेली नसली, फक्त जागा नवी असली, तरी तिचा मेंदू ऑक्सिटोसिन सोडायचंच थांबवू शकतो. धारेला परका माणूस बसला तरी तसंच होत असावं. चांदीला अण्णांची भीती नव्हती. ते तिला रोज वैरण टाकायचे, रानात न्यायचे. पण धारेला बसणारं माणूस ते नव्हते. त्या कामासाठी तिच्या मेंदूत एकच वास, एकच आवाज, एकच हात ठरलेला होता.

आपल्या भाषेत याला "गाईने पान्हा चोरला" म्हणतात. हा शब्दप्रयोग मला फार आवडतो आणि तरीही त्यात गाईवर अन्याय आहे असं वाटतं. चोरी जाणूनबुजून केली जाते. फुग्यांभोवतीची जाळी गाईच्या इच्छेच्या ताब्यात नाही, जशी आपली धडधड आपल्या ताब्यात नाही. ती दूध लपवत नाही, तिला ते सोडता येत नसतं. धार आली नाही म्हणून जनावराला फटका मारणाऱ्याला हे एवढं जरी कळलं तरी खूप झालं, कारण फटक्याने ॲड्रेनलिन वाढतं आणि उरलासुरला पान्हाही जातो.

वासरू, बादलीचा आवाज आणि एक वाईट शॉर्टकट

खिल्लार, लाल कंधारी, डांगी अशा आपल्या देशी गाईंना सहसा वासराशिवाय पान्हा येत नाही. आधी वासराला चार घोट पिऊ द्यायचे, मग ओढून आईच्या पुढच्या पायापाशी बांधायचं. गाय त्याला चाटत राहते आणि इकडे धार सुरू होते. वासरू मेलं तर पूर्वी त्याच्या कातड्यात पेंढा भरून ते गाईपुढे ठेवत. तिला वास ओळखीचा यायचा, ती त्या पेंढ्याला चाटायची आणि दूध सोडायची. मी हे एकदाच पाहिलंय, आजोळी, सहासात वर्षांचा असताना. पुन्हा बघायची इच्छा झाली नाही.

होल्स्टीन आणि जर्सी रक्ताच्या गाई वासराशिवाय दूध देतात, कारण पिढ्यानपिढ्या त्याच गुणावर त्यांची निवड झाली. पण वासराची जागा रिकामी राहत नाही, ती दुसरं काहीतरी घेतं. बादलीचा खणखणाट, आंबोणाचा वास, मशीनचा आवाज, बाईच्या बांगड्या. याची रोज त्याच वेळी, त्याच क्रमाने गाठ पडली की मेंदू तोच निरोप पाठवायला शिकतो. आई गोठ्यात शिरताना बादली मुद्दाम दगडावर आपटायची, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. क्रम मोडला की दूध कमी होतं हे दूध घालणाऱ्या प्रत्येक घराला माहीत आहे. पाहुणे आले, लग्नाचा लाऊडस्पीकर वाजला, धार तासभर लांबली, की त्या संध्याकाळी डेअरीवरचा आकडा खाली येतो.

शॉर्टकट म्हणजे इंजेक्शन. ऑक्सिटोसिन बाहेरून टोचलं की जाळी आवळतेच, गाय घाबरलेली असो, आजारी असो की वासरू मेलेलं असो. मायेची गरजच उरत नाही. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्यात, कलम १२ खाली, दूध वाढवण्यासाठी दुभत्या जनावराच्या तब्येतीला घातक ठरणारं काही टोचणं हा गुन्हा आहे. तरी ते होतं, हे गावात राहणाऱ्या कुणालाही सांगायला नको. अडलेली गाय मोकळी करायला किंवा वार पडायला डॉक्टर हे औषध वापरतात, ती गोष्ट वेगळी. रोजच्या धारेला टोचत गेलं की कास गाईच्या स्वतःच्या निरोपाला दाद देईनाशी होते आणि मग सुईशिवाय पान्हा नीट येत नाही. ज्या गोठ्यात सुई आली तिथलं नातं आधीच तुटलेलं असतं, असं माझं स्पष्ट मत आहे.

गाय माणूस कशी ओळखते

गाईचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असतात. तिला समोर आणि आजूबाजूला जवळजवळ गोल दिसतं, फक्त बरोबर पाठीमागचं दिसत नाही. म्हणून मागून न बोलता जाणाऱ्याला लाथ बसते. आई लांबूनच "आलेय गं, आलेय" म्हणत जायची, ते याच कारणाने. प्रयोगांमध्ये गाई माणसं वेगळी ओळखतात हे सिद्ध झालंय. कपड्यांचा रंग, माणसाची उंची, चेहरा या सगळ्यांचा त्या उपयोग करतात. वासाची ओळख आपल्या कल्पनेपलीकडची. आईच्या लुगड्याने चांदी फसली असं आम्ही म्हणायचो, पण ती पूर्ण फसली नव्हती. वास आईचा आणि हात अण्णांचा, म्हणून सहाऐवजी साडेचार. हा हिशेब मला आजही फार प्रामाणिक वाटतो.

१९९९ मध्ये प्रसिद्ध झालेला एक प्रयोग मी अनेकांना सांगत असतो. गाईंच्या एका गटाला दोन माणसांची ओळख करून दिली. एक त्यांच्याशी गोड बोले, कुरवाळे, खाऊ देई. दुसरा ओरडे, मारे. मग धारेच्या वेळी त्यातला एकेक नुसता जवळ उभा राही, काहीच न करता. वाईट वागणारा उभा असला की धार संपल्यावरही कासेत शिल्लक राहणारं दूध वाढायचं. त्याने त्या वेळी गाईला बोटही लावलेलं नसायचं.

स्पर्शाचंही तसंच. गाई एकमेकींना चाटतात तेव्हा बहुतेक वेळा डोकं, मान आणि गळा चाटतात. व्हिएन्नाच्या संशोधकांनी माणसाच्या हाताने वेगवेगळ्या जागी कुरवाळून बघितलं, तर मानेखाली, गळ्याच्या पोळीपाशी, म्हणजे लोंबत्या कातड्यापाशी कुरवाळल्यावर गाई मान लांब करून, कान खाली सोडून उभ्या राहिल्या. बरगड्यांवर कुरवाळल्यावर तसं फार कमी होत होतं. शहरातून आलेला माणूस नेमका गाईच्या कपाळावर नाहीतर पाठीवर हात ठेवतो. गोठ्यातला माणूस गळ्याखाली खाजवतो. गाईची ही भाषा तो वाचून शिकलेला नसतो, तिच्याबरोबर राहून शिकलेला असतो.

नावाचंही बोलायला हवं, कारण इंग्लंडातली ही बातमी मराठी पेपरांपर्यंतही पोचली होती. न्यूकॅसल विद्यापीठातल्या कॅथरीन डग्लस आणि पीटर रोलिन्सन यांनी २००९ मध्ये ब्रिटनमधल्या ५१६ दूध उत्पादकांची पाहणी मांडली. ज्यांच्याकडे गाईंना नावाने हाक मारायची पद्धत होती, त्यांच्या गाई एका वेतात, म्हणजे एकदा व्याल्यापासून दूध आटेपर्यंत, सरासरी २५८ लिटर जास्त दूध देत होत्या. याचा अर्थ गाईला गंगी म्हटलं की अडीचशे लिटर वाढतात असा कुणी काढू नये. नाव ठेवणारा माणूस गाईकडे रोज बघतो, तिचं दुखणं लवकर ओळखतो, तिला मारत नाही, आणि दूध वाढतं ते त्या सगळ्याने. नाव ही त्या वागण्याची खूण आहे.

आपल्याकडे आता प्रत्येक गाईला दोन ओळखी आहेत. एक दावणीतली: चांदी, मोरी, कपिला, तांबू. दुसरी कानातल्या पिवळ्या बिल्ल्यावरची, बारा आकड्यांची. लसीकरण, विमा, मदत, सगळं त्या आकड्यांवर चालतं. २०२४ मध्ये गाईच्या दुधाचे भाव कोसळले आणि राज्य सरकारने लिटरला आधी ५ आणि नंतर ७ रुपये अनुदान दिलं, तेव्हा बिल्ला नसलेल्या गाईचं दूध त्यात बसत नव्हतं. लोकांनी घाईघाईने बिल्ले मारून घेतले. बिल्ला हवाच, त्याशिवाय रोग आटोक्यात ठेवता येत नाही. आईला मात्र तो आकडा कधी पाठ झाला नाही आणि तिला त्याची गरजही पडली नाही.

माणसाच्या बाजूचं काय

आतापर्यंत गाईच्या शरीराबद्दल बोललो. माणसाच्या शरीरात काय होतं ते मोजायला माझ्याकडे काही नाही, पण त्याच्या आयुष्यात काय होतं ते दिसतं. गाय दिवसातून दोनदा पिळावी लागते, पहाटे आणि संध्याकाळी, दसऱ्याला, दिवाळीला, घरात मयत झालं तरी. माझ्या चुलतबहिणीच्या लग्नात अक्षता पडल्या आणि आई तडक पाच मैलांवरून घरी परत आली, धारेची वेळ झाली म्हणून. आम्ही तेव्हा तिच्यावर रागावलो होतो. दुसऱ्या कुणाला तरी बसवायचं होतं, असं म्हणालो. तिने उत्तर दिलं नाही, पण उत्तर तुम्ही वर वाचलंच आहे.

महाराष्ट्रातल्या दूधधंद्याचं हे फार दिसत नाही असं अंग आहे. डेअरीच्या पासबुकावर नाव पुरुषाचं, फॅट आणि एसएनएफची, म्हणजे दुधातल्या स्निग्धांशाची आणि बाकी घन पदार्थांची, पावती पुरुषाच्या खिशात, आणि पान्हा बाईच्या हाताला. शेण काढणं, वैरण कापणं, पाणी, वासरं, धार यातलं बरंच काम बायका करतात. त्यामुळे गाईचं मन सगळ्यात जास्त कळतं तेही त्यांनाच. आई थर्मामीटर लावत नाही. ती बघते की गाय रवंथ करतेय की नाही. निरोगी गाय दिवसातले सातआठ तास रवंथ करते. ते थांबलं, कान गार पडले, शेण घट्ट झालं, की डॉक्टरांना फोन जातो. डॉक्टर विचारतात, काय होतंय? आई म्हणते, "काय न्हाई, पर ती आज तिच्यात न्हाई." बहुतेक वेळा रात्रीपर्यंत ताप चढतो.

२०१२ आणि २०१३ च्या दुष्काळात हे नातं उघड्यावर आलं. आमच्या तालुक्यात प्यायला पाणी नव्हतं, चाऱ्याचं सोडाच. म्हसवडला माणदेशी फाउंडेशनची, आणि ठिकठिकाणी दुसऱ्यांच्या, चारा छावण्या उभ्या राहिल्या. छावणीत जनावर नेऊन सोडता येत नाही, त्याच्याबरोबर माणूस राहावा लागतो. मग घरं दुभंगली. नवरा-बायको छावणीत, म्हातारी आणि पोरं घरी. काही ठिकाणी उलटं. शेडनेटच्या सावलीत दावण, दावणीशेजारी बाज, बाजेखाली डबा आणि रॉकेलची चूल, असे लोक महिनोनमहिने राहिले. आमची आई चांदी आणि दोन वासरांबरोबर एका छावणीत राहिली. हिशेबाने बघितलं तर जनावरं विकून मोकळं होणं सोपं होतं, पण त्या दिवसांत बाजारात भावच नव्हता, म्हणून विकली नाहीत असंही म्हणता येईल. दोन्ही खरं आहे. माया आणि हिशेब गोठ्यात एकाच खुंट्याला बांधलेले असतात, ते सोडवून वेगळे करता येत नाहीत.

स्कॉटलंडमधल्या ऱ्होडा विल्की या समाजशास्त्रज्ञ बाईंनी जनावरं पाळणाऱ्या लोकांशी बोलून नेमका हाच गुंता मांडलाय. जनावर म्हणजे माल आहे हे त्या लोकांना पक्कं माहीत होतं, आणि ते जाणतं, दुखणारं, ओळख ठेवणारं आहे हेही. कत्तलीला जाणाऱ्या मोठ्या कळपापासून माणूस मन थोडं लांब ठेवतो. पण पैदाशीसाठी वर्षानुवर्षं सांभाळलेल्या, किंवा आजारपणात बाटलीने दूध पाजून जगवलेल्या जनावराजवळ ते लांबपण टिकत नाही. दोन-चार गाई असणाऱ्या आपल्या घरांमध्ये तर सगळ्याच गाई दुसऱ्या प्रकारात मोडतात. आठ-दहा वर्षं, पाचसहा वेतं, दिवसातून दोनदा कपाळ तिच्या कुशीला टेकवून बसायचं. लांब राहणार कसं?

म्हणून नुकसान झालं की ते फक्त पैशाचं होत नाही. २००१ मध्ये ब्रिटनमध्ये लाळ्या खुरकुताची साथ आली आणि ती थांबवण्यासाठी साठ लाखांहून जास्त जनावरं मारली गेली. कम्ब्रिया भागातल्या ५४ लोकांनी पुढे दीड वर्ष संशोधकांसाठी दर आठवड्याला डायरी लिहिली. त्यात शेतकरी होते, डॉक्टर होते, मेलेली जनावरं उचलणारे कामगार होते. भरपाई मिळाल्यानंतरही झोप न लागणं, तेच दृश्य पुन्हा पुन्हा डोळ्यांपुढे येणं, रिकाम्या गोठ्याकडे न बघवणं हे त्यात भरलेलं होतं. माणूस गेल्यावर होतं तसंच दुःख, पण त्याला सुतक नाही आणि भेटायला येणारं कुणी नाही.

आपल्याकडे २०२२ मध्ये लम्पीची मोठी साथ आली. चावणाऱ्या माश्या, डास, गोचीड यांच्यामार्फत पसरणारा विषाणू. अंगभर गाठी, ताप, पायाला सूज, मग गाठी फुटून जखमा. बाजार बंद झाले, वाहतूक बंद झाली, शेळ्यांच्या देवीची लस गाईंना टोचायची मोहीम निघाली. सरकारने मेलेल्या दुभत्या गाईला ३० हजार, बैलाला २५ हजार, वासराला १६ हजार रुपये मदत ठरवली. ती गरजेची होती. आमच्या शेजारच्या घरी मोरी नावाची गाय सतरा दिवस झुंजली. त्या घरच्या आजी दिवसातून तीन वेळा कोमट पाण्याने तिच्या जखमा धुवायच्या, माश्या बसू नयेत म्हणून कडुलिंबाचा धूर करायच्या, आणि ती खात नव्हती म्हणून भाकरीचे तुकडे गुळाच्या पाण्यात बुडवून हाताने तोंडात घालायच्या. मोरी गेली. त्या वर्षी वसुबारसेला आजींनी ओवाळणीचं ताट केलं, बाजरीची भाकरी आणि गवारीची भाजी नेहमीसारखी केली, आणि रिकाम्या खुंट्यापाशी ठेवली. घरातल्या कुणी त्यांना अडवलं नाही.

सगळ्यांच्या वाट्याला सारखी माया येत नाही

खरं सांगायचं तर ते पूर्ण सांगावं. संकरित गाईला गोऱ्हा झाला तर घरात आनंद नसतो. ट्रॅक्टरच्या गावात त्याला काम नाही. त्याला चीक नीट मिळत नाही, दूध तोडलं जातं, आणि अनेक गोऱ्हे महिन्या-दोन महिन्यांत नाहीसे होतात. कसे, ते कुणी विचारत नाही. सेक्स्ड सीमेन, म्हणजे कालवडीच होण्याची शक्यता नव्वद टक्क्यांपर्यंत नेणारं वीर्य, आता मिळू लागलंय आणि त्याचं मोल दुधाच्या हिशेबापलीकडचं आहे असं मला वाटतं. जे वासरू जन्मालाच येणार नाही त्याला उपाशी मारावं लागणार नाही.

भाकड गाईचं दुखणं याहून अवघड. गाय दूध देवो न देवो, दिवसाला पंधरावीस किलो हिरवा चारा आणि वर कडबा खातेच. महाराष्ट्रात गोहत्येला बंदी जुनी आहे, २०१५ मध्ये ती बैल आणि वळूंनाही लागू झाली. त्यानंतर बाजारात म्हाताऱ्या जनावराला गिऱ्हाईक मिळेनासं झालं. ज्याच्याकडे तीन एकर आणि दोन गाई आहेत त्याच्यासाठी एक भाकड गाय म्हणजे दुभतीच्या तोंडचा घास. मरेपर्यंत सांभाळा असं त्याला सांगणाऱ्यांनी त्या चाऱ्याचा खर्च उचलायची व्यवस्था आधी उभी करावी. त्याच्या मायेवर शंका घेऊ नये. ती किती आहे ते गाय विकायच्या आदल्या रात्री त्याच्या घरी जेवायला बसलं की कळतं.

चांदीला आम्ही २०१६ मध्ये विकलं. सहावं वेत झालं होतं, दोन वर्षं ती गाभण राहिली नव्हती, डॉक्टरांनी हात टेकले होते. सांगोल्याच्या बाजारात न्यायचं ठरलं. आमच्याकडे जनावर विकताना त्याचं दावं देत नाहीत. घेणारा स्वतःचं दावं आणतो, आपलं सोडून घेऊन घरी यायचं. लक्ष्मी जाते, तिचं दावं घरात राहिलं म्हणजे गोठा रिकामा राहत नाही, अशी समजूत. अण्णा टेम्पोतून गेले, आई गेली नाही. पहाटे तिने नेहमीसारखी बादली दगडावर आपटली, कोरड्या कासेला कोमट पाणी लावलं, पुसलं, आणि गळ्याखाली बराच वेळ खाजवत राहिली. चांदीने मान लांब केली होती.

ते दावं अजून गोठ्याच्या भिंतीतल्या खिळ्यावर आहे, चांदीच्या आधीच्या तिघींच्या दाव्यांशेजारी. त्याखाली आता चांदीची नात बांधलेली असते. पहिलटकरीण आहे, पुढच्या महिन्यात व्यायची. अशा कालवडीला आधीपासून कासेला हात लावून घ्यायची सवय लावावी लागते, नाहीतर व्यायल्यावर ती धारेला जवळ येऊ देत नाही. आई आता सत्तरीला टेकलीय, गुडघे दुखतात, तरी रोज संध्याकाळी पाट टाकून तिच्याजवळ बसते. आधी गळा, मग पाठ, मग पोट, मग हळूच कास. "काय न्हाई गं, मीच हाय," असं म्हणत. काल तिसऱ्या दिवशीही कालवडीने लाथ मारली. आईने पाट वीतभर मागे सरकवला आणि पुन्हा गळ्यापासून सुरुवात केली.